सासूबाईंच्या भाषेत

३ मार्च

मामा,

साष्टांग नमस्कार घातला असं धरून चाल, कारण सध्या माझी कंबर वाकत नाही. दिवसभर दुकानात उभं राहून लोकांच्या चष्म्याचे नंबर काढायचे आणि घरी येऊन सासूबाईंच्या मागे धावायचं, ह्यात कमरेचा पार भुगा झालाय. फोनच केला असता, पण गेल्या वेळी मी घसा फोडून सांगत होते आणि तू मध्येच "बरं बरं, ठेव" म्हणून ठेवून दिलास. म्हणून पत्र.

कामाचं सांगते. सासरे गेल्याला वर्ष व्हायला आलं. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, अबोल, पण तरुणपणी पश्चिम आशियातून इथे आलेल्या ह्या नवरा-बायकोची घरात त्यांच्या त्या गावाकडच्या भाषेत अखंड कुजबुज चाललेली असायची. तू लग्नात ऐकून उड्या मारल्या होत्यास, "अगं, ही तर जिवंत अरामाईक!" म्हणून. जेवण सोडून त्यांच्या मागे लागला होतास. तीच. आता ती बोलणाऱ्या सासूबाई एकट्याच उरल्यात. माझ्या नवऱ्याला ती येत नाही. लहानपणी यायची म्हणे, शाळेत गेल्यावर सुटली.

सासरे गेल्यापासून सासूबाईंची मराठी हळूहळू आटत गेली. चाळीस वर्षं शेजारच्या टेलरसाठी काज-बटणं करताना ह्याच भाषेत त्यांनी गिऱ्हाइकांना हाणलंय, आणि आता "पाणी हवं का" विचारलं तरी नुसत्या बघतात. दुपारी दार उघडून उभ्या राहतात. एकदा थेट चौकापर्यंत गेल्या होत्या. आम्ही दोघं कामावर, काय करायचं? मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. वस्तू दाखवून नावं विचारली. एक धड सांगितलं नाही. आता डॉक्टरीणबाई म्हणतात, समज खरंच गेली असेल तर घरी ठेवण्यात अर्थ नाही, वृद्धांच्या संस्थेत खोली बघा. पण समज शाबूत असेल आणि फक्त भाषा गेली असेल, तर एक बाई ठेवून घरी निभेल. त्यासाठी एकदा त्यांच्या भाषेत विचारून बघायला हवं.

मामा, ह्या पृथ्वीवर मला ती भाषा येणारा एकच माणूस माहीत आहे. प्रश्न आणि वस्तूंची नावं लिहून पाठव, आपल्या लिपीत. त्या संस्थेत गेल्या तर तिथे त्यांच्याशी कोण बोलणार, ह्या विचाराने मला झोप नाही. आणि मला त्या आवडतात रे. लग्नानंतर पहिल्या वर्षी माझ्या सगळ्या ब्लाऊजांची काजं त्यांनी न विचारता बदलली होती.

तुझी खारूताई

१० मार्च

खारूताई,

आशीर्वाद घे, हवे तेवढे, शिल्लक भरपूर आहेत. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे कोणी काही विचारायला येत नाही. आलाच तर वीजबिलवाला. आणि आता एकदम "मामा, अरामाईक पाठव"! काल दिवसभर पुस्तकं खाली काढत होतो. पलंगावर झोपायला जागा नाही, खुर्चीत झोपलो.

आधी दोन गोष्टी समजून घे, मग यादी. अरामाईक ही फार जुनी बाई. एके काळी व्यापारी, कारकून, सैनिक सगळे तिच्यातच बोलायचे. तिची ग्रंथ लिहिणारी लेक म्हणजे सिरियाक, आणि तो माझा प्रांत. अरबी ही ह्यांची चुलतबहीण. अरबी शब्द फारसीच्या पालखीत बसून आपल्या मराठीत आले, त्यामुळे तुझ्या सासूबाईंचं नि आपलं नातं लग्नाच्या आधीपासूनचं आहे. आपण "हिशेब" म्हणतो, सिरियाकमध्ये "हुशबाना". पण तिथे त्याच धातूपासून "विचार करणे" हाही शब्द होतो. मोजणं आणि विचार करणं त्यांच्या लेखी एकच काम! आपलं "किताब", त्यांचं "क्ताबा". आपला "सलाम", त्यांचा "श्लामा". आपली "कबर", त्यांची "कब्रा". आणि आपण कुणावर "रहम" करतो ना, त्याच्या मुळाशी जो शब्द आहे तो आईच्या गर्भाशयाचा. दया म्हणजे काय, हे त्यांनी पोटातून शोधून काढलं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ग्रंथालयात रडलो होतो, आणि ग्रंथपालाने पुस्तक ओलं होईल म्हणून काढून घेतलं होतं.

यादी सोबत आहे. वस्तू दाखवून "मानाव हाना?" असं विचारायचं, म्हणजे "हे काय?" किल्लीला "क्लीदा". दुधाला "हल्बा", ह मात्र घशाच्या तळातून, चूळ भरल्यासारखा. चमच्याला "तरवादा". डॉक्टरीणबाईंना सांग की प्रत्येक शब्द दोन कोशांतून पडताळलाय. चूक निघाली तर टोपी काढून ठेवीन.

मामा

ता. क. पानापानावर उच्चाराच्या खुणा केल्यात. त्या पाळ. घाई करू नकोस, एकेका अक्षराला मान दे.

१९ मार्च

मामा,

काल झाली तपासणी. तू बसलेला असशील तिथेच बस.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत एक पांढरं टेबल, त्यावर किल्ली, कंगवा, दुधाचा पेला, चमचा. सासूबाई समोर, शेजारी माझा नवरा, मी कागद घेऊन उभी. आठवडाभर न्हाणीघरात घशातल्या "ह"चा सराव केला होता. मी तुझ्या सांगण्याप्रमाणे एकेका अक्षराला मान देत पहिलाच प्रश्न विचारला, "मानाव हाना?"

सासूबाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, जमलं! मग त्यांनी डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले, हात जोडले, आणि म्हणाल्या, "आमेन."

मी कंगवा उचलला, पुन्हा विचारलं. "आमेन." पेला. "आमेन." मला हसू फुटलं आणि लगेच रडू. शेवटी नाव मीच सांगून बघितलं, "हल्बा?" तर त्यांनी टेबलाला कपाळ टेकवलं.

डॉक्टरीणबाई भल्या आहेत, पण त्यांनी लिहिलं ते बरोबरच लिहिलं: स्वतःच्या भाषेतही असंबद्ध उत्तरं. नवरा पूर्ण वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "झालं ना समाधान?" आणि आज सकाळी त्याने संस्थेत नाव नोंदवलं. एप्रिलच्या शेवटी एक खोली मोकळी होतेय.

मामा, यादीत काही गफलत नाही ना?

खारूताई

२४ मार्च

खारूताई,

तुझं पत्र मिळालं. यादीत गफलत नाही. पुन्हा सगळं तपासलं. ज्या शब्दांवर मी उभी हयात घातली, त्यांची परीक्षा तुझ्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर व्हायची वेळ यावी, ह्याचं मला वाईट वाटलं.

"आमेन" हा अतिशय चांगला शब्द आहे. खरं, पक्कं, विसंबता येईल असं. आपलं "इमान" आणि "अमानत" ह्यांचं मूळ तेच. पण पेल्याकडे बघून माणूस आमेन म्हणत असेल तर त्याचा अर्थ मला लावता येत नाही, आणि तो शब्दकोशाचा दोष नव्हे. जावईबापू आपल्या आईला माझ्यापेक्षा जास्त ओळखतात. ते म्हणतात ते ऐका.

मामा

७ एप्रिल

खारूताई,

तुझं उत्तर नाही. येऊ नये असंच पत्र मी लिहिलं होतं. म्हातारा फुगून बसला होता.

परवा केस कापायला गेलो. आमचा न्हावी बोलका आहे, म्हणून त्याला तुझ्या सासूबाईंची हकिगत सांगितली. तो म्हणाला, "बोलून दाखवा की ती भाषा." मी खुर्चीत बसल्या बसल्या, गळ्याशी पांढरं कापड, मान ताठ, यादीतल्या चार ओळी म्हटल्या. तो वस्तरा थांबवून म्हणाला, "मास्तर, हे बोलणं नाही, हे तर मंत्र म्हटल्यासारखं वाटतंय. कोणी गेलंय का?"

मी तसाच अर्धवट कापलेल्या केसांनी घरी आलो. समज, उद्या एका परक्या पोरीने येऊन तुझ्यापुढे कंगवा धरला आणि ताम्रपटावरच्या मराठीत विचारलं, "हें कवण वस्तु?" तर तू काय करशील? हातच जोडशील! ज्या भाषेत तुझ्या सासूबाई आयुष्यभर भांडल्या, भाव केले, पोराला झोपवलं, ती मला येतच नाही. मला येते ती हजार-दीड हजार वर्षं जुनी, ग्रंथातली. तिचा आवाज त्यांनी ऐकला असेल तो फक्त चर्चमधल्या प्रार्थनेत. तू प्रार्थना म्हणत होतीस आणि त्या भल्या बाईने प्रत्येक ओळीला "आमेन" म्हणून साथ दिली. त्या खोलीत सगळ्यात सुसंगत उत्तर त्यांचंच होतं. टोपी काढून ठेवली आहे.

आता मी सांगायचं बंद करतो. तू ऐक. त्या जे बोलतील ते जसं कानावर पडेल तसं लिहून काढ, सुधारू नकोस, मला पाठव. आणि त्या बोलतात तेव्हा काय चाललं होतं तेही लिही. खोलीचं थांबवता येईल का?

मामा

१३ एप्रिल

मामा,

रागावले होते. आता नाही. अर्धे केस कापलेला तू डोळ्यांपुढे आलास आणि राग टिकला नाही.

खोली थांबवता येणार नाही, रांग मोठी आहे. पण अजून पंधरवडा हातात आहे. मी रजा टाकून घरी बसलेय. आणि त्या बोलतात, मामा! दिवसभर बोलतात, पण पुटपुटत, स्वतःशीच. आपण ते ऐकणं सोडून दिलं होतं एवढंच. लिहून काढलेलं सोबत पाठवतेय. किल्ली हातात घेऊन त्या "कदीला" म्हणाल्या, क्लीदा नाही. चमच्याला "चमचा" म्हणतात! मी दोनदा दाखवून खात्री केली. त्यांना वाटलं असेल, सुनेचं डोकं फिरलं.

पण लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. काल नवरा बाहेरच्या खोलीत लिफ्टच्या कसल्याशा तारा पसरून बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि ते काम घरीही घेऊन येतो. मी गच्चीत कपडे वाळत घालून नुकती दारात आले होते. आतून सासूबाई ओरडल्या, "खल्या! खल्या!" आणि पुढे आणखी काहीतरी भरभर. नवरा तारेवरून नजर न काढता उठला, स्वयंपाकघरात गेला आणि गॅस बंद केला. दूध अगदी काठाशी आलं होतं.

त्याला बाहेरून दूध दिसत नव्हतं. वासही आला नसणार, जळलंच नव्हतं. माझ्याकडे डोळे तपासायला येणारी माणसं न दिसणारी अक्षरंही लाजेपोटी वाचून दाखवतात, ते मला लगेच कळतं. पण दिसत असून दिसत नाही म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.

आणि एक वाक्य. रोज दुपारी दारात उभ्या राहून त्या हेच म्हणतात. नवरा घरी असला तर त्याच्याकडे बघून म्हणतात, आणि तो पेपर उघडतो. "बाबा इमन बित आते?" ह्याचा अर्थ काय?

खारूताई

१८ एप्रिल

खारूताई,

तुझी पानं वाचून मी विशीतला झालो. आधी दुधाचं सांगतो, राहवत नाही. जुन्या ग्रंथात दूध म्हणजे "हल्बा". बोलीने ते टाकून दिलं आणि नवीन नाव ठेवलं: "खल्या". तो शब्द जुन्या "हल्या"वरून आला, म्हणजे गोड. घशातला "ह" बोलीत "ख" झालाय. त्याच घराण्यातला अरबी शब्द आपल्याकडे "हलवा" होऊन आला. म्हणजे कुठल्या तरी आईने पोराला पेला देताना "घे, गोड आहे" म्हटलं असणार, आणि तेच दुधाचं नाव होऊन बसलं. हा माझा तर्क, पुरावा नाही. कोशात असलं काही छापत नाहीत, पण आता मला कोश छापायचाय कुठे.

आता तुझं वाक्य. "इमन" म्हणजे केव्हा, ग्रंथात "एम्मत". "आते" म्हणजे येणं. हे जुन्यात आणि नव्यात तसंच आहे, "बित" लागलं की येणार. "बाबा" तुला सांगायला नको. तेव्हा: "बाबा कधी येणार?"

त्या बालपणात गेल्यात, पोरी. वडील शेतावरून परत यायची वेळ झाली की दारात उभं राहत असतील. ह्या आजारात असं होतं, मी वाचलंय. म्हणजे समज आहे, पण ती साठ-सत्तर वर्षं मागे जाऊन बसलीय. डॉक्टरीणबाईंना हे सांग.

आणि जावईबापूंचं काय ते तू बघ. माझ्या मते त्यांना सगळं कळतं. पण का लपवतात ते कुठल्याही कोशात नाही.

मामा

२३ एप्रिल

मामा,

तुझं भाषांतर बरोबर आहे आणि अर्थ चुकला. सासूबाई आपल्या वडिलांबद्दल नाही विचारत. ह्या घरात "बाबा" म्हणजे सासरे. मुलगा झाल्यापासून त्या नवऱ्याला मुलाच्या तोंडचं नाव घेऊन हाक मारायच्या, आपल्याकडे मारतात तशीच. घड्याळाचं दुकान बंद करून ते जेवायला यायचे, ती वेळ दुपारची.

तुझं पत्र वाचून ठेवलं. नवरा आल्यावर ते त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "तुला हे कळतं. रोज कळतं."

त्याने पत्र घडी घालून ठेवलं. मग म्हणाला, "पहिल्यांदा विचारलं तेव्हा सांगितलं होतं. बाबा गेले म्हणून. तिच्याच भाषेत. तिनं ऐकलं आणि पहिल्यांदाच कळल्यासारखी कोसळली. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, कधी येणार. मी परत सांगितलं. परत तेच. तिसऱ्या दिवशी मला तोंड उघडवेना. मग मी ठरवलं, आपल्याला येतच नाही ती भाषा. न येणाऱ्याला कोण विचारणार?"

मी म्हटलं, "आणि त्या तपासणीत? मी पेल्यापुढे मंत्र म्हणत होते तेव्हा?"

"मला कळत होतं तू चुकतेयस. बोललो असतो तर पुढचे सगळे प्रश्न मलाच विचारावे लागले असते. आणि त्यानंतर तिने मला विचारलं असतं."

त्याचा इतका राग आला, आणि त्याच क्षणी त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. धरलं नाही. अजून बोलतही नाही धड. येत्या सोमवारी खोलीची चावी घ्यायची आहे. तो म्हणतो, संस्थेतल्या बायकांना ती भाषा येत नाही, म्हणजे तिथे आईला कोणी रोज ही बातमी देणार नाही. हाच त्यातला फायदा. मामा, तो हे मनापासून म्हणतो. आणि मग विचारतो, "मामांना विचार, एखादा शब्द आहे का ज्यानं तिला लागणार नाही?"

खारूताई

२५ एप्रिल

खारूताई आणि जावईबापू, दोघांनाही,

हे पत्र उद्याच पोचावं म्हणून स्वतः पोस्टात जाऊन जलद टपालाने टाकतोय.

शब्द आहे. "नाह". म्हणजे विसावला. दमलेला माणूस बसला, बोट किनाऱ्याला लागली, वारा पडला, सगळ्याला हा धातू चालतो. आणि जुन्या ग्रंथांत माणूस गेला की त्याच्याबद्दल हाच लिहितात. तुमच्या बोलीतही त्याचं काहीतरी रूप नक्की असणार. जावईबापूंना ते आठवेल. आईंनी विचारलं की एवढंच म्हणा, बाबा विसावलेत. खोटं बोलल्याचा दोष नाही, आणि त्यांना वाटलं तर त्या समजतील की दुकानात आडवे झालेत. आयुष्यभर शब्द हुडकले, पण इतक्या कामाचा एकही हाती लागला नव्हता.

कळवा.

मामा

९ मे

ती. मामांना नमस्कार,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. लिहायची सवय नाही, बिघाडाच्या नोंदी लिहितो तेवढंच. हिने सांगितलं की ह्या पत्राचं उत्तर तू द्यायचंस.

तुमचा शब्द मी वापरला नाही. तो आमच्याकडे आहे, मला माहीत होता. रविवारी दुपारी आई दारात उभी होती आणि तो माझ्या अगदी ओठांवर आला होता. तिनं विचारलं, बाबा कधी येणार. मी तिच्याकडे बघितलं आणि वाटलं, पेपरामागे लपलो तसाच आता ह्या शब्दामागे लपणार. तो चांगला शब्द आहे, पण मी तो चांगल्या कामाला वापरणार नव्हतो. म्हणून साधा सांगितला. मेला ह्याला आमच्यात "मीतले" म्हणतात. "बाबा मीतले."

ती खाली बसली. उंबऱ्यातच. मी पळून जाणार होतो, खरं सांगतो, पायात चपला सरकवल्या होत्या. हिने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी आईशेजारी बसलो. आई रडली. आधी रडायची तशीच. आधीच्या दोन्ही वेळी मी तिथून उठून गेलो होतो, त्यामुळे तिच्या रडण्याच्या पुढे काय असतं ते मला माहीतच नव्हतं.

रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुला केव्हा कळलं?" मी म्हटलं, "खूप दिवस झाले." तर तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "ब्रूनी," म्हणजे माझ्या लेका, "आणि एवढे दिवस तू हे एकट्यानं उरात घेऊन फिरलास? ये इकडे."

बाबा गेले तेव्हा सगळं मीच केलं. दवाखाना, गाडी, जागा, लोकांचे चहा, दुकानातली गिऱ्हाइकांची घड्याळं ज्याची त्याला परत देणं. सगळे आईला धरून बसले होते, आणि ते बरोबरच होतं. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही कोणाला विचारू दिलं नाही.

सोमवारी चावी आणायला गेलो नाही. डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा जाऊन आलो. ह्या वेळी मी विचारलं, आमच्या बोलीत. कंगवा, किल्ली, दूध सगळं आईनं सांगितलं, आणि मग डॉक्टरीणबाईंच्या बटणाचं काज उसवलंय तेही सांगितलं. विसरायचा आजार आहेच, तो वाढणार आहे असं त्या म्हणाल्या. पण घरी ठेवा म्हणाल्या. मी दुपारी जेवायला घरी येतो, मधल्या वेळेला एक बाई येते. तुम्ही सुट्टीत या, मामा. तुमचं पुस्तकातलं बोलणं ऐकून आई हात जोडेल, तेवढं चालवून घ्या.

तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलंच. मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा रडली आणि पुन्हा मलाच जवळ घेतलं. कधीतरी एखादा दिवस विसरते, पण बहुतेक रोज विचारते. तिला रोज नव्यानं कळतं ह्याचं वाईट वाटतं, ते वाटणारच. पण बाबांसाठी मी पहिल्यांदा रडलो ते ह्या पंधरा दिवसांत. रोज दुपारी माझी आई मला बाबा गेल्याबद्दल जवळ घेते, आणि हे मला हवं होतं हे मला माहीतच नव्हतं.

तुमचा जावई